मे महिन्यातली दोन आइस हॉकी: स्टॅनले कप वेगळा, वर्ल्ड चॅम्पियनशिप वेगळी

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे मध्ये, एका पोरानं विचारलं, ओ सर, कॅनडा डेन्मार्ककडनं हरून बाहेर गेला म्हणे, मग उद्या परत कॅनडाची मॅच कशी काय? प्रश्न बरोबर आहे की. हरला तो कॅनडा देश, आइस हॉकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वार्टरफायनलमध्ये. दुसऱ्या दिवशी खेळणार होती ती एडमंटन, कॅनडातल्या एका शहराची क्लब टीम, तीही स्टॅनले कपसाठी. दोन्ही एकाच महिन्यात चालू, दोन्हीकडं तीच नावं ऐकू येतात, त्यामुळं नवीन बघणाऱ्याचा घोळ होणारच.

स्टॅनले कप म्हणजे एनएचएलचा, अमेरिका-कॅनडातल्या क्लब टीमच्या नॅशनल हॉकी लीगचा कप. लीगमध्ये 32 टीम, त्यातल्या 25 अमेरिकेत आणि 7 कॅनडात, आधी प्रत्येकीनं (2025-26 पर्यंत) 82 मॅच खेळायच्या आणि मग एप्रिलच्या मध्यापासनं 16 टीमचे प्लेऑफ, सातपैकी चार जिंकायच्या असल्या चार फेऱ्या, म्हणजे कप उचलायला 16 विजय पाहिजेत आणि त्यात जून उजाडतो. इथं देश नसतोच. 2025 ची फायनल फ्लोरिडा आणि एडमंटनची, आपल्याकडं काहींनी ती सरळ ‘अमेरिका विरुद्ध कॅनडा’ करून टाकली. आता बघा, फ्लोरिडाचा कॅप्टन बारकोव्ह फिनलंडचा, त्यांचे मार्शँड, बेनेट, राइनहार्ट तिघंही कॅनडाचे, आणि एडमंटनचा ड्रायसाइटल जर्मन. कुठली अमेरिका आणि कुठला कॅनडा. कॅनडातल्या टीमनं हा कप शेवटचा जिंकला तो 1993 मध्ये, मॉन्ट्रियलनं, पण त्यानंतर कप जिंकलेल्या अमेरिकन टीममध्ये कॅनडाची पोरं भरलेली असतातच.

वर्ल्ड चॅम्पियनशिप ही देशांची. दरवर्षी मे मध्ये, 16 देश, आठ-आठचे दोन गट, दोन-अडीच आठवड्यांत खेळ खलास. शेवटी राहणारे खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, एनएचएलमध्ये असली भीती कुणालाच नाही. आणि खरी मेख अशी की एनएचएल या स्पर्धेसाठी थांबत नाही. म्हणजे आयपीएल चालूच ठेवायची आणि जे बाहेर पडले त्यांच्यातनं भारताची टीम निवडायची, तसला प्रकार. 2025 मध्ये कॅनडाकडं क्रॉस्बी होता कारण पिट्सबर्ग प्लेऑफलाच पोचली नव्हती, मॅकिनन होता कारण कोलोरॅडो पहिल्याच फेरीत गेली, आणि मॅकडेव्हिड नव्हता कारण एडमंटन अजून जिवंत होती.

डेन्मार्कची ती मॅच तर या सगळ्याचा नमुनाच. कॅनडा 1-0 नं पुढं, शेवटची दोन-सव्वादोन मिनिटं राहिलेली, आणि बरोबरीचा गोल कुणी मारला तर निकोलाय एलर्सनं. हा गडी तेव्हा एनएचएलमधल्या विनिपेगचा. विनिपेगला डॅलसनं 17 मे ला घरी पाठवलं म्हणून तर तो डेन्मार्कसाठी मोकळा झाला, आणि 22 तारखेला तो डेन्मार्कमधल्या हेर्निंगच्या बर्फावर होता. मग 49 सेकंद राहिले असताना ओलेसननं दुसरा घातला, 2-1, कॅनडा घरी. डॅलसनं विनिपेगला हरवलं त्याची किंमत कॅनडानं मोजली असं म्हटलं तरी चालतंय. आदल्या वर्षी प्रागला तेच, बोस्टन बाहेर पडली, पास्टर्नाक विमानात बसला आणि फायनलमध्ये स्वित्झर्लंडवर चेकियाचा पहिला गोल त्यानंच मारला.

म्हणून काहीजण म्हणतात ही स्पर्धा उरल्यासुरल्यांची. मला नाही पटत. 2023 ला लॅटव्हियानं अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये 4-3 हरवून ब्राँझ घेतलं तर त्यांची संसद मध्यरात्री बसली आणि दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी, ब्राँझसाठी! आणि अमेरिकेनं 2025 ला स्वित्झर्लंडला 1-0 हरवून गोल्ड घेतलं, ते या स्पर्धेत 1933 नंतर पहिल्यांदा जिंकले. पण हा ‘जगज्जेता’ लिहिताना जरा हात आखडता ठेवावा. सगळे भारी एकत्र बघायचे तर ऑलिम्पिक, तेही एनएचएल थांबते तेव्हाच, आणि 2014 नंतर ती थांबली एकदम 2026 ला.

पॉइंट टेबलचा घोळ आणखी वेगळा, इथं भले भले फसतात. एनएचएलमध्ये जिंकलं की 2, मग साध्या वेळेत जिंका नाहीतर ओव्हरटाइममध्ये, आणि ओव्हरटाइममध्ये हरलं तरी 1. म्हणजे एखाद्या मॅचमधनं 2 पॉइंट वाटले जातात आणि एखादीतनं 3. दोन टीम 60 मिनिटं बरोबरीत राहिल्या की तिसरा पॉइंट हवेतनं येतो. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साध्या वेळेत जिंकलं तर 3, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये जिंकलं तर 2, तिथं हरणाऱ्याला 1, म्हणजे मॅच कशीही संपू दे, पॉइंट तीनच. हे मला जास्त सरळ वाटतं. एनएचएलच्या टेबलमध्ये ओव्हरटाइमच्या पराभवांचा वेगळा रकाना असतो, तो न बघता पॉइंट वाचले की जास्त मॅच हरलेली टीम वर कशी असं वाटत राहतं.

मारामारीचं थोडक्यात: एनएचएलमध्ये दोघं भिडले की पाच-पाच मिनिटं बाहेर बसायचं आणि परत यायचं, देशांच्या मॅचमध्ये थेट ड्रेसिंग रूम.

सांगलीत बसून बघायचं तर वर्ल्ड चॅम्पियनशिप युरोपात असली की संध्याकाळी आणि रात्री, स्टॅनले कप पहाटे. दोन्ही धरली तर झोपेचं खोबरं. मी मे च्या पहिल्या पंधरवड्यात पहाटेची हॉकी धरतो आणि क्वार्टरफायनल लागल्या की रात्रीची, कारण तोवर दुसऱ्या फेरीत हरलेले बरेचजण आपापल्या देशाकडं पोचलेले असतात.