राहण्यासाठी सर्वोत्तम शहर: क्रमवारीची आणि तिच्याभोवतीच्या वादाची पार्श्वभूमी

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने १३ ऑगस्ट २०१८ रोजी देशातील १११ शहरांची ‘इज ऑफ लिव्हिंग’ (राहण्याची सुलभता) क्रमवारी जाहीर केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि ठाणे सहावे आले. ‘पुणे तिथे काय उणे’ ही म्हण दुसऱ्या दिवशी किती मथळ्यांत आली असेल, याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल. त्याच वर्षी काही महिने आधी याच शहराबद्दल वेगळी बातमी आली होती. पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली असून ती सुमारे ३५ लाख लोकसंख्येपेक्षा अधिक झाली आहे, असे तीत म्हटले होते. या दोन्ही बातम्या एकाच शहराच्या होत्या आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या होत्या, त्यामुळे ‘उत्तम म्हणजे नेमके काय’ हा वाद पुण्यात पेटला यात नवल नव्हते.

हा वाद बहुधा ‘आमचे शहर की तुमचे’ या वळणावर जातो आणि तेथेच अडकतो. प्रत्यक्षात शहरांची प्रत ठरविण्याची प्रत्येक पद्धत कोणाच्या तरी गरजेतून जन्मली आहे. ती गरज कधी आरोग्याधिकाऱ्याची होती, कधी परदेशी कंपनीच्या पगारपत्रकाची, तर कधी मंत्रालयाची. ज्याची गरज, त्याच्या नजरेतून शहर मोजले गेले. या पद्धतींचा इतिहास त्या क्रमाने पाहिला, तर आजच्या याद्यांतील विसंगतींचा बराचसा उलगडा होतो.

एकोणिसाव्या शतकात शहराचे मोजमाप मृत्युदरावरून होई. दर हजारी किती मृत्यू झाले आणि किती अर्भके वर्षाच्या आत दगावली, यावरून शहर बरे की वाईट हे ठरे. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि या मोजमापाला एकाएकी राजकीय धार चढली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे मुख्य हत्यार होते पाडापाडी. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ता काढायचा आणि समुद्राची हवा आत येऊ द्यायची, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. पाडलेल्या घरांतील माणसे जवळच्याच, आधीच दाटलेल्या वस्तीत जाऊन राहत, ही बाब त्या हिशेबात बसत नव्हती. पुण्यात १८९७ च्या प्लेगवेळी घरांच्या झडत्या कशा घेतल्या गेल्या आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

या पाडापाडीवर सर्वांत सडेतोड टीका केली ती पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगरचिंतकाने. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेला हा माणूस १९१४ मध्ये भारतात आला, पुढे अनेक शहरांचे अहवाल त्याने लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून काम केले. जुने शहर हा रोग नसून तो एक जिवंत देह आहे आणि त्यावर सुरी चालवायचीच असेल तर ती कमीत कमी व जपून चालवावी, असे त्याचे म्हणणे होते. आधी गल्ल्या पायी हिंडायच्या, विहिरी, पार, मोकळ्या जागा आणि माणसांच्या येण्या-जाण्याच्या वाटा पाहायच्या आणि मगच नकाशाला हात लावायचा, अशी त्याची रीत होती.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्याने केलेला प्रयोग तर मुळातूनच पाहण्यासारखा आहे. शहरात प्लेगची भीती होती आणि लोकांचा सरकारी माणसांवर विश्वास नव्हता. गेडिसने दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली आणि तिचा मार्ग नेहमीचा नसेल, असे जाहीर करविले. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून मिरवणूक जाणार होती. घरातला साठलेला केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय करण्यात आली आणि गाड्यांमागून गाड्या भरून तो शहराबाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि अजस्र उंदीर यांच्या प्रतिमा होत्या, त्या शेवटी जाळण्यात आल्या. स्वच्छ पांढरे कपडे घातलेले सफाई कामगारही तीत मानाने चालले आणि त्यांच्या झाडूंना फुले बांधलेली होती, असे गेडिसचे चरित्रकार सांगतात. १९१८ मध्ये त्याने होळकर दरबाराला इंदूरच्या विकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. याच इंदूरने ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त २०१७ पासून सलग सात वर्षे पहिला क्रमांक राखला. या दोहोंत थेट धागा जोडणे घाईचे ठरेल, परंतु शहराची प्रत लोकांच्या चढाओढीतून वाढवता येते ही कल्पना तेथे शंभर वर्षांपूर्वी उतरली होती, एवढे मात्र खरे.

गेडिसने शहरांना गुण दिले नाहीत. ते काम अमेरिकेत झाले. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १९३९ मध्ये ३१० अमेरिकी शहरांचा ‘चांगुलपणा’ ३७ बाबींवर मोजून प्रसिद्ध केला आणि कॅलिफोर्नियातील पॅसाडिना हे शहर सर्वांत वर आले. त्याच्या बाबींत अर्भकमृत्यू आणि शाळांवरील खर्च होता, तसाच स्वतःच्या मालकीची घरे, टेलिफोन आणि काही ठराविक मासिकांचा खपही होता. सुशिक्षित मध्यमवर्गीय अमेरिकी घरात जे जे असते ते ते शहरात किती आहे, हे त्याने मोजले आणि त्याला शहराचा चांगुलपणा म्हटले. पुढील सर्व निर्देशांकांचा साचा येथेच पडला. निवडक बाबी घ्यायच्या, त्यांना वजन द्यायचे आणि बेरीज करून एक आकडा काढायचा, ही रीत तेव्हापासून बदललेली नाही.

आज दरवर्षी गाजणाऱ्या जागतिक याद्यांचा उगम मात्र पगाराच्या हिशेबात आहे. बहुराष्ट्रीय कंपनी आपला अधिकारी लंडनहून ढाक्याला किंवा कराचीला पाठवते, तेव्हा त्याला तेथील गैरसोयीबद्दल जादा भत्ता द्यावा लागतो. हा भत्ता किती असावा, हे ठरविण्यासाठी कंपन्यांना तयार कोष्टक हवे होते. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाच्या समूहातील संशोधन संस्था ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ हिच्या क्रमवारीसोबत असे कोष्टकच येत असे. शहराला १०० पैकी ८० च्या वर गुण असतील तर भत्ता नाही, ७० ते ८० असतील तर पगाराच्या ५ टक्के, ६० ते ७० असतील तर १० टक्के, ५० ते ६० असतील तर १५ टक्के आणि ५० किंवा त्याहून कमी असतील तर २० टक्के, अशी शिफारस त्यात होती. मर्सर या सल्लागार कंपनीची यादीही याच कामासाठी असून तीत न्यूयॉर्कला १०० धरून ३९ बाबींवर इतर शहरांची तुलना होते. २०१९ मध्ये मर्सरच्या यादीत हैदराबाद आणि पुणे संयुक्तपणे १४३ व्या क्रमांकावर, म्हणजे भारतीय शहरांत सर्वांत वर होते.

हा मूळ हेतू लक्षात घेतला की या याद्यांतून काय गळते तेही दिसते. इकॉनॉमिस्टच्या राहण्यायोग्यतेच्या क्रमवारीत स्थैर्याला २५, आरोग्यसेवेला २०, संस्कृती व पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के वजन आहे. राहण्याच्या खर्चाला तीत स्थान नाही, कारण त्याची स्वतंत्र पाहणी होते आणि शिवाय परदेशी अधिकाऱ्याचे भाडे बहुधा कंपनी भरते. साहजिकच, संपन्न देशांतील मध्यम आकाराची आणि विरळ वस्तीची शहरे वर येतात. मेलबर्न २०११ पासून सलग सात वर्षे या यादीत पहिले होते आणि त्याच शहरातील तरुण घर परवडत नाही म्हणून हैराण होते.

व्हिएन्नाचा दाखला मात्र थोडा निराळा आहे. मर्सरच्या यादीत २०१९ पर्यंत सलग दहा वेळा आणि इकॉनॉमिस्टच्या यादीत २०१८ नंतर अनेकदा पहिला क्रमांक मिळविणाऱ्या या शहराचे सामर्थ्य ज्या गोष्टीत आहे, तिला या याद्यांत फारसा भाव नाही. पहिल्या महायुद्धानंतर तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणी कर बसविला. मोठ्या घरांवर व ऐषारामी बंगल्यांवर तो चढत्या दराने आकारला जाई आणि त्यातून कामगारांसाठी हजारो घरे बांधली गेली. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या इमारतीची लांबी किलोमीटरहून अधिक आहे. त्या काळातील इमारतींच्या दर्शनी भिंतींवर आजही ठळक अक्षरांत लिहिलेले आढळते की, ही इमारत व्हिएन्ना नगरपालिकेने अमुक वर्षी घरबांधणी करातून बांधली. पैसा कोठून आला हे भिंतीवरच वाचायला मिळावे, ही कल्पना आपल्याकडच्या नगरसेवकांच्या नामफलकांशी ताडून पाहण्यासारखी आहे. आज नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत आणि सुमारे निम्मे शहर कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या अनुदानित घरांत राहते. व्हिएन्ना यादीसाठी घडले नाही, यादीने ते नंतर हेरले.

भारतीय निर्देशांक या जागतिक याद्यांच्या पाठोपाठ आला, पण त्याचा ग्राहक निराळा होता. स्मार्ट सिटी अभियानावर पैसा ओतणाऱ्या मंत्रालयाला शहरांची प्रगती मोजायची होती. २०१८ च्या मांडणीत १५ विभागांतील ७८ निर्देशक होते. त्यांपैकी भौतिक सुविधांना ४५, संस्थात्मक कारभाराला २५, सामाजिक बाबींना २५ आणि अर्थव्यवस्थेला अवघे ५ टक्के वजन होते. पुण्याला १०० पैकी ५८.११ गुण मिळाले आणि नवी मुंबईला ५८.०२. नऊ शतांश गुणांचा हा फरक ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ या शब्दांत आला की केवढा वाटतो! पश्चिम बंगालमधील शहरे या पाहणीत उतरलीच नाहीत, त्यामुळे कोलकाता यादीत नव्हते.

मार्च २०२१ मध्ये पुढील क्रमवारी जाहीर झाली तेव्हा गणितच बदलले होते. शहरे दहा लाखांवरील व त्याखालील अशी विभागली गेली, अर्थव्यवस्थेचे वजन १५ टक्के झाले आणि नागरिकांच्या मताला स्वतंत्रपणे ३० टक्के वजन मिळाले. २०१८ मध्ये ५८ व्या स्थानी असलेले बंगळुरू एकदम पहिले आले, पुणे दुसऱ्या आणि मुंबई तिसऱ्यावरून दहाव्या स्थानी गेली. अडीच वर्षांत बंगळुरूची वाहतूक सुटली नव्हती आणि मुंबईच्या लोकलही एकाएकी बिघडल्या नव्हत्या. मोजपट्टी बदलली होती. ज्या शहरात रोजगार आहे त्याला पहिल्या यादीत फारसे मोल नव्हते, ते दुसरीत आले.

पुण्याचा लौकिक मात्र या याद्यांहून कितीतरी जुना आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवीत, कारण कोकणच्या दमट हवेपुढे घाटमाथ्याची ही हवा त्यांना मानवे. मागोमाग निवृत्त अधिकारी आले, शिक्षणसंस्था वाढल्या आणि ‘पेन्शनरांचे पुणे’ हे बिरुद चिकटले. हवा, खडकवासल्याचे पाणी, शाळा-महाविद्यालये आणि सायकलने गाठता येतील एवढी अंतरे, ही उत्तम शहराची त्या पिढीची व्याख्या होती. आधी मोटार व स्कूटरचे कारखाने आणि नंतर संगणक उद्योग आल्यावर त्या व्याख्येतील सायकल गेली, पाणी वादाचे झाले आणि नोकरी वरच्या स्थानी आली.

यात हद्दीचा प्रश्न फारसा कोणी विचारात घेत नाही. निर्देशांक महापालिकेच्या हद्दीत मोजला जातो. २०१८ च्या यादीनंतर, २०२१ मध्ये, आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. सिंहगड रस्त्यालगतची नांदेड आणि किरकटवाडी ही त्यांतलीच. जानेवारी २०२५ मध्ये याच परिसरात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला आणि सर्वांचे लक्ष तेथील पाण्याकडे गेले. शहराला पाणी पुरविणाऱ्या खडकवासला धरणापासून ही गावे हाकेच्या अंतरावर आहेत. पुण्याच्या आर्थिक बळाचा मोठा वाटा संगणक कंपन्यांच्या ज्या हिंजवडीत आहे, ती तर पहिल्या क्रमांकाच्या वेळी ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती. तेथे रोज सकाळी दुचाकीवर अडकून पडणाऱ्या माणसाचा वेळ पुण्याच्या खात्यात नव्हता आणि पिंपरी-चिंचवडच्याही नव्हता.