संत जेरोम, इटालियन निसर्गदृश्यातील

डच चित्रकार रेम्ब्रँट (१६०६–६९) याचे अम्लरेखन (आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेषा कोरणे) व ड्रायपॉइंट (सुईने थेट पत्रा ओरखडणे) या तंत्रांतील मुद्राचित्र म्हणजे पत्र्यावरून कागदावर घेतलेला छाप, सु. १६५३. उंची सु. २६ सेंमी., रुंदी सु. २१ सेंमी. बायबलचा लॅटिन अनुवादक संत जेरोम (सु. ३४७–४२०) याने सिरियाच्या वाळवंटात काही काळ तपाचरण केले. चित्रात त्याच्यासोबत दिसणारा सिंह मुळात गेरासिमस या संताच्या कथेतला. मध्ययुगात तो जेरोमच्या नावावर चढला. बरोक काळात (सु. सतरावे शतक) दगडाने छाती बडवून घेणारा, जवळ कवटी असलेला जेरोम लोकप्रिय होता. येथे तो रुंद काठाची टोपी घालून झाडाखाली निवांत वाचत बसला आहे. प्रॉटेस्टंट वळणाच्या ॲम्स्टरडॅममध्ये विद्वान जेरोम अधिक रुचला असावा. रेम्ब्रँटने त्याच्यावर एकूण सात मुद्राचित्रे केली.

रेम्ब्रँट इटलीला कधीच गेला नाही. त्यामुळे चित्रातील टेकडीवरच्या इटालियन वळणाच्या इमारतींचे मूळ वादग्रस्त ठरले. काही अभ्यासक जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१९ च्या संत अँथनीच्या मुद्राचित्राकडे बोट दाखवतात. तथापि घरांची ठेवण व उताराची मांडणी पाहता तिशियन आणि काम्पान्योला या चित्रकारांच्या व्हेनिशियन परंपरेचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. रेम्ब्रँटच्या मालमत्तेच्या १६५६ च्या यादीत तिशियनच्या कृतींच्या मुद्राचित्रांचा एक मोठा संग्रहही नोंदलेला आहे.

पटावर (छापाच्या ताम्रपत्र्यावर) सही वा वर्ष नाही. कालनिश्चिती शैलीवरून आणि हँबुर्ग येथील पूर्वरेखाटनावरून केली जाते. पार्श्वभूमी बारकाईने भरलेली, तर उजेडातला संत जवळजवळ बाह्यरेषांपुरताच. म्हणून जुन्या सूचिकारांना पट अपुरा वाटला. कलावंताचा हेतू साधला की कृती पूर्ण, असे रेम्ब्रँटचे मत चित्रकारांचा चरित्रकार हाउब्राकेनने १७१८ मध्ये नोंदवले आहे. ते ध्यानात घेता हा अपुरेपणा हेतुपुरस्सर मानणे बरे.

पटाच्या दोन अवस्था (पटात फेरफार होण्यापूर्वीचे व नंतरचे छाप) ज्ञात आहेत. ड्रायपॉइंटमध्ये सुईने तांबे ओरखडताना रेघेच्या कडेला धातूची खरखरीत कड उठते. ती शाई धरून ठेवते व छापात मखमली काळेपणा आणते. पण दाबयंत्राखाली ती लवकर झिजते. त्यामुळे आरंभीच्या प्रतींत सिंहाची आयाळ दाट, नंतरच्या प्रतींत करडी व विरळ दिसते. काही प्रती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून आलेल्या जपानी कागदावर छापल्या आहेत.