चित्रबलाक

चित्रबलाक (शास्त्रीय नाव मिक्टेरिया ल्युकोसेफाला, इतर नावे चामढोक, रंगीत करकोचा) हा बलाक कुळातला मोठा पाणपक्षी. उंची सुमारे एक मीटर, पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास. मराठवाड्यात तो पाहायचा तर पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, गाठावा.

अंग पांढरे, छातीवर काळा-पांढरा खवलेदार पट्टा, पंख हिरवट झाक असलेले काळे आणि शेपटीकडे गुलाबी पिसे. चेहरा बिनपिसांचा, केशरी. पिवळी चोच टोकाशी किंचित खाली वाकलेली. लांबून बगळ्याशी गल्लत होते, पण उडताना बगळा मान आखडतो, हा सरळ पुढे ताणतो. पट्टा नसलेला मातकट पक्षी म्हणजे याचेच पिल्लू. पूर्ण रंग चढायला दोन-तीन वर्षे जातात.

याची शिकार मुख्यतः स्पर्शावर चालते. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो ती डावी-उजवीकडे फिरवत चालतो, पायाने तळ ढवळतो. गाळातून उठलेला मासा चोचीला लागला की चोच तत्क्षणी मिटते. म्हणून गढूळ पाणी त्याला अडत नाही, खोल पाणी मात्र अडते. वीतभर किंवा त्याहून कमी पाणी उत्तम. पोटाला पाणी लागले की तो काठाकडे सरकतो.

नाथसागराचे महत्त्व इथेच आहे. गोदावरीवरचे जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झाले, 1986 मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला. जलाशय पसरट आहे, त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठाची बरीच जमीन उघडी पडते आणि मागे उथळ डबकी राहतात. त्यांत अडकलेले मासे चित्रबलाकाला सहज मिळतात. धरण काठोकाठ भरले की हा उथळ पट्टा बुडतो. मग थवे पाझर तलावांकडे आणि ओढ्यांच्या मुखांकडे पांगतात. भरलेले धरण माणसाला सुखाचे, पण या पक्ष्याचे पोट उतरत्या पाण्यावर भरते.

त्याच उघड्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळावरची शेती, होते. पंप, नांगरट आणि सततची वर्दळ पक्ष्यांना चरू देत नाही. फवारणीचे औषध डबक्यात उतरले तर मासेच मरतात. काठावर टाकून दिलेले तंगूसचे (बारीक नायलॉन धाग्याचे) जाळे त्याहून वाईट, कारण चिखल ढवळणारा पाय त्यात गुंततो आणि सुटत नाही.

घरटी वसाहतीने, पाण्यातल्या किंवा काठच्या बाभूळ, चिंच, वडासारख्या झाडांवर असतात. भीमेच्या खोऱ्यात इंदापूर आणि भादलवाडीच्या वसाहती प्रसिद्ध आहेत. अंडी बहुधा तीन-चार, उबवण महिनाभर, पिल्लू उडायला सुमारे दोन महिने. उन्हात आई-बाप पंख पसरून सावली धरतात. माणूस फार जवळ गेला की ते उठतात, तेवढ्यात कावळा अंडी उचलतो आणि लहान पिल्ले उन्हाने मरतात. वसाहतीखाली म्हणूनच कधी जाऊ नये, दुर्बीण लांबूनच लावावी. पक्ष्यांची मोजणी सकाळी लवकर उरकावी. ऊन तापले की थवे गरम हवेवर चढून घिरट्या घेत दूर निघून जातात.