घोरणं म्हणजे गाढ झोप? अजिबात नाही
आमच्या सदाशिव पेठेत अजूनही कुणी जोरात घोरलं की 'किती गाढ झोपलाय बघ' असंच म्हणतात, माझे काका तर हातात पेपर धरूनच डुलक्या घ्यायचे आणि आम्ही हसायचो. पण ते घोरणं स्लीप ॲप्नियाचं असेल तर घसा मिटतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे तासाला ३० किंवा जास्त वेळा झालं की केस सिव्हिअर. मग विसरायला होतं, चिडचिड होते, आणि लोक म्हणणार वय झालं!

सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, रोज लावलं तर बरंच भरून येतं, मिलानच्या २०१४ च्या अभ्यासात १२ महिन्यांनी मेंदूच्या व्हाइट मॅटरमधले, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमधले, या आजाराने झालेले बदल जवळपास निवळलेले दिसले. काकांना पहिला आठवडा मास्क टोचायचा, काकू रात्री उठून पट्टा सैल करून द्यायची.