बो : आयरिश भाषेतली गाय
आयर्लंडला निघालेल्या कुटुंबांसाठी आमच्या भाषावर्गाचं माहितीपत्रक

आयर्लंडच्या सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजीबरोबर आयरिशही शिकवतात. त्यामुळे 'मुलांना ही भाषा झेपेल का?' ही काळजी बहुतेक पालक घेऊन येतात. आम्ही पहिला धडा गायीपासून सुरू करतो, कारण तिथे ओळख लगेच पटते.

आयरिशमध्ये गाय म्हणजे 'बो'. संस्कृत 'गो' आणि हा 'बो' सख्खी भावंडं. दोघांच्या मूळ भाषेत सुरुवातीला 'ग्व' असा उच्चार होता. संस्कृतात त्याचा 'ग' झाला, आयरिशच्या वाटेवर 'ब'. आपला 'जीव' (इथे त्या 'ग'चा पुढे 'ज' झाला) आणि त्यांचा 'ब्यो' (जिवंत) हीसुद्धा त्याच घरातली जोडी.

रूपांपाशी मात्र सावकाश जा. मराठीत शब्द शेपटाकडे बदलतो: गाय, गाई, गायीचं. आयरिशमध्ये तो तोंडाकडेही बदलतो. 'आन वो' म्हणजे ती गाय, 'मो वो' माझी गाय, 'आर मो' आमची गाय. पहिला 'मो' आखूड, त्याचा अर्थ 'माझी'. दुसरा लांब, तीच आपली 'बो'. मुलं इथेच अडखळतात, त्यांना लिहून दाखवा. 'वो' लिहिताना 'बी' या अक्षरापुढे 'एच' येतो, दुसरा 'मो' लिहिताना 'बी'च्या आधी 'एम'. मूळचा 'बी' जागचा हलत नाही, म्हणून कागदावर गाय लगेच सापडते.

अनेकवचन 'बा'. गायीचं दूध 'बान्ये ना बो', गाईंचं दूध 'बान्ये ना मो'. शब्द मराठीसारखाच स्त्रीलिंगी. घरी रोज दुधाचा पेला देताना हे दोन प्रयोग म्हणून घ्या; तक्ते पाठ करण्यापेक्षा ते लवकर बसतात.

याच 'बो'मधून 'बूअखिल' आला. मूळ अर्थ गुराखी, आज साधा 'मुलगा'. आमचा सगळ्यात लाडका शब्द मात्र 'बोहर', म्हणजे रस्ता. सुमारे ९०० सालच्या, कोर्मकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश शब्दकोशात त्याची रुंदीही गायींनीच मोजली आहे: एक गाय वाटेच्या लांबीला, एक वाटेला आडवी मावेल एवढी वाट. डब्लिनमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर वर आयरिश आणि खाली इंग्रजी नाव असतं. पोहोचलात की वरच्या ओळीत 'बोहर' शोधायला मुलांना सांगा.