क्रॉस सबसिडी (वीजदर)

वीजग्राहकांच्या एका गटाकडून पुरवठ्याच्या खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि त्या पैशातून दुसऱ्या गटाचा दर खर्चाखाली ठेवायचा, या पद्धतीला क्रॉस सबसिडी म्हणतात. सरकारी अनुदानाहून ती वेगळी. अनुदान तिजोरीतून येते आणि विधिमंडळात त्याची चर्चा होते. क्रॉस सबसिडी ग्राहकाच्या खिशातून जाते, पण बिलावर तिच्या नावाची ओळ नसते. महाराष्ट्रातल्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे सगळे छापलेले असते. आपण दुसऱ्यासाठी किती भरतो किंवा दुसरा आपल्यासाठी किती भरतो, एवढेच त्यात सापडत नाही.

हिशेब असा होतो. वीजखरेदी, पारेषण, देखभाल, व्याज आणि भांडवलावरचा परतावा धरून वितरण कंपनीला किती महसूल लागेल, हे राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. त्याला विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागले की सरासरी पुरवठा खर्च निघतो. समजा तो 8 रुपये आहे आणि 100 युनिटांपैकी 30 युनिटे शेतीला 4 रुपयांनी दिली. मग उरलेल्या 70 युनिटांतून 680 रुपये उभे करावे लागतात, म्हणजे युनिटमागे सुमारे 9 रुपये 71 पैसे. हा बोजा मुख्यतः कारखाने, दुकाने, कार्यालये आणि जास्त वीज वापरणारी घरे उचलतात.

सरासरीच्या या मोजपट्टीत मोठा दोष आहे. कारखाना उच्च दाबावर वीज घेतो, तिथे गळती कमी, म्हणून त्याचा खरा खर्च सरासरीहून कमी असतो. तो भरत असलेली क्रॉस सबसिडी कागदावर दिसते त्याहून मोठी असते. दुसरीकडे शेतीची वीज म्हणजे पूर्ण दर्जाची वीज नव्हे. थ्री फेज पुरवठा रोज साधारण आठ तास, तोही आठवड्यातले काही दिवस रात्री. थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात पाण्याची दारे धरायला जायचे, दाब कमी असला की मोटार जळायची, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की नवी येईपर्यंत पीक वाळायचे. इतरांची मागणी उतरलेल्या वेळी मिळणाऱ्या या विजेला सरासरी खर्च लावून शेतकऱ्याला फुकट्या ठरवणे अन्यायाचे आहे.

त्याहून गंभीर प्रश्न मोजमापाचा. अनेक शेतीपंपांना मीटर नाही. आकारणी अश्वशक्तीवर होते आणि वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगला की गळती आणि चोरीची युनिटे शेतीच्या खात्यावर जातात. गळती कमी दिसते, शेतीची सबसिडी मोठी दिसते आणि दोन्हींचा भार इतर ग्राहकांवर पडतो. आयोगाच्या जनसुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधी आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था हा मुद्दा सतत मांडत आल्या आहेत.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. वीज अधिनियम 2003 ने क्रॉस सबसिडी टप्प्याटप्प्याने कमी करून संपवायचे ठरवले होते. 2007 च्या दुरुस्तीत ‘संपवणे’ गळाले, ‘कमी करणे’ तेवढे राहिले. 2006 च्या राष्ट्रीय दर धोरणाने 2010-11 अखेर सर्व दर सरासरी खर्चाच्या 20 टक्के वर-खाली आणण्याचे उद्दिष्ट दिले. 2003 च्या अधिनियमाच्या कलम 65 नुसार सरकारला एखाद्या गटाला आयोगाच्या दराहून स्वस्त वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम आगाऊ भरावी लागते. हे कलम महत्त्वाचे, कारण मदतीचा निर्णय कोणाचा आणि पैसे कोणाचे, हे त्यामुळे उघड होते.

मोठ्या ग्राहकांना 2003 च्या कायद्याने मुक्त प्रवेश दिला, म्हणजे वितरण कंपनीचे जाळे वापरून वीज दुसरीकडून घेण्याची मुभा. अशा ग्राहकाकडून क्रॉस सबसिडी अधिभार घेतला जातो. नाहीतर सर्वाधिक भरणारेच निघून जातील आणि उरलेल्यांचा दर चढेल. मात्र स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या प्रकल्पाच्या विजेला हा अधिभार नाही. म्हणून कारखाने तिकडे वळतात. ज्यांच्या जिवावर व्यवस्था उभी आहे त्यांनाच ती बाहेर ढकलते.

महाराष्ट्रात आता दोन वाटांनी बदल होतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरना (पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्यांना) दिवसा सौर वीज मिळते, तीही युनिटमागे साधारण 3 रुपयांच्या आसपास. खरेदीच स्वस्त झाल्याने भरून काढायचा फरक आकसतो आणि रात्रीची खेप टळते. दुसरीकडे 2024 च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांच्यासाठी सरकारने किती भरायचे हे अजूनही अश्वशक्तीवरूनच ठरते.