हाडात पोचलेला स्तनाचा कॅन्सर: धीर कुठे धरायचा, धावपळ कधी करायची

‘आधी छातीचा होता, आता बोन कॅन्सर झाला.’ नागपुरात मेडिकलच्या ओपीडीबाहेर, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात किंवा जामठ्याच्या एनसीआयमध्ये नातेवाइकांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे आणि ही चूक महागात पडते. स्तनातल्या पेशी कण्यात, खुब्यात, बरगडीत जाऊन वाढल्या तरी त्या स्तनाच्याच राहतात. त्यांना औषधही स्तनाच्या कॅन्सरचंच लागतं. हाडाच्या स्वतःच्या पेशींचा कॅन्सर हा निराळा आणि दुर्मीळ आजार आहे.

पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘चौथी स्टेज आहे, आता घरी न्या.’ चौथी स्टेज सहसा पूर्ण बरी होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण उपचार उरलेले नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (पेशीवर हार्मोन पकडणाऱ्या खाचा असलेला) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे वाढीचं प्रथिन जास्त नसलेला) प्रकारात, पाळी गेलेल्या स्त्रियांना सुरुवातीलाच लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या गोळीसोबत रायबोसिक्लिब हे पेशींची वाढ रोखणारं औषध दिलेल्या चाचणीत मध्यक आयुर्मान ६३.९ महिने निघालं. नुसत्या लेट्रोझोलवर ते ५१.४ होतं. मध्यक म्हणजे त्या गटातल्या निम्म्या स्त्रिया त्याहून जास्त जगल्या. डॉक्टरांनी दिलेली ती मुदत नव्हे. त्याच कुळातलं पालबोसिक्लिब २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर भारतात अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि किंमत बरीच उतरली. (ही औषधं घेताना पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. आपला नागपुरी संत्रा चालतो. तो वेगळ्या जातीचा आहे आणि औषधाच्या पचनात ढवळाढवळ करत नाही.)

हा कॅन्सर हाडातच का जातो? १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. गाठी शरीरभर सारख्या विखुरलेल्या नाहीत, ठरावीक अवयवांतच जास्त आहेत, हे त्याने दाखवलं. बी कुठेही पडलं तरी मानवेल त्याच मातीत उगवतं, असं त्याचं म्हणणं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण ७० टक्के रुग्णांच्या हाडात गाठी सापडतात.

माती नेमकी काय पुरवते, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. हाड जिवंत असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं रचतात. विरघळवण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. हाडात घुसलेली स्तनाची पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडते. ते पॅराथायरॉइड हार्मोनची, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणाऱ्या हार्मोनची, नक्कल करतं. त्याच्या हुकमाने ऑस्टिओब्लास्ट रँक-लिगँड नावाचा रेणू वाढवतात. तो रक्तपेशींच्या कुळातल्या कच्च्या पेशींवरच्या रँक या खाचेत बसतो आणि त्यांना पक्के ऑस्टिओक्लास्ट बनवतो. ते हाड खाऊ लागतात. हाडाच्या गाभ्यात टीजीएफ-बीटा आणि इन्शुलिनसारखे वाढीचे घटक साठवलेले असतात. हाड विरघळलं की ते मोकळे होऊन थेट कॅन्सरच्या पेशीला मिळतात. ती पेशी आणखी पीटीएचआरपी सोडते. म्हणजे कॅन्सर स्वतः हाड खातच नाही. तो आपल्याच पेशींकडून हाड फोडून घेतो आणि त्यातून निघालेल्या खुराकावर वाढतो.

हे चक्र तोडायचे दोन मार्ग आहेत. डिनोसुमॅब (१२० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर ४ आठवड्यांनी) रँक-लिगँडलाच पकडून ठेवतं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड (४ मिलिग्रॅम, सलाईनमधून) हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं. हाड खाताना ऑस्टिओक्लास्ट ते गिळतो आणि मरतो. हे दुसरं औषध स्वस्त आहे. दर महिन्याला देण्याऐवजी १२ आठवड्यांनी दिलं तरी हाडं मोडण्यासारख्या घटना वाढत नाहीत, हे १८२२ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गोंदिया किंवा सिरोंच्याहून येणाऱ्या बाईच्या फेऱ्या यामुळे वाचू शकतात, म्हणून डॉक्टरांना जरूर विचारावं.

देताना चुका होतात त्या अशा. १५ मिनिटांच्या आत झोलेड्रॉनिकचं सलाईन संपवलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. प्रत्येक डोसाआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) पाहायचं, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस उतरवायचा. रोज निदान ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व चालू हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम खाली घसरतं. नागपूरचं ऊन रग्गड असलं तरी ड जीवनसत्त्व पुरेसं असेल असं धरून चालू नये. पहिल्या डोसानंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल पुरतं. सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते दात. या दोन्ही औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं. म्हणून खराब दात आधी काढून घ्यायचे, जखम भरू द्यायची, मगच औषध सुरू करायचं. खर्रा किंवा गुडाखूची सवय असलेल्या तोंडात हे काम हमखास निघतं.

आता घराघरांत रडारड होते तो प्रसंग. उपचार सुरू होऊन तीन महिने झालेत, दुखणं कमी आहे, बाई स्वयंपाकघरात उभी राहू लागली आहे. आणि बोन स्कॅनमध्ये ठिपके वाढलेले दिसतात! बोन स्कॅनमध्ये टोचलेला टेक्निशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा रेणू कॅन्सरला चिकटत नाही. जिथे नवं हाड रचलं जातंय तिथे तो जमतो. औषध लागू पडलं, चक्र थांबलं, की ऑस्टिओब्लास्ट पोखरलेली जागा भरायला लागतात आणि तीच जागा जास्त चमकते. आधी न दिसलेल्या जागाही उजळतात. डॉक्टर याला फ्लेअर म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये काळा खड्डा पांढरा, घट्ट झालेला दिसला तर बहुधा तो भरतोय. सीए १५-३ हा रक्तातला कॅन्सरचा मार्करही पहिल्या चार-सहा आठवड्यांत उगाच वर जाऊ शकतो. दुखणं कमी होत असेल तर एकट्या बोन स्कॅनवरून चालू औषध बदलू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवावं. अर्थात दुखणंही वाढतंय, यकृतातही नवी गाठ दिसतेय, तर तो फ्लेअर नव्हे.

हाडाचा तुकडा तपासायचा असेल तर आणखी एक बारकावा. पसरलेल्या गाठीचे रिसेप्टर मूळ गाठीपेक्षा वेगळे निघू शकतात, म्हणून पुन्हा बायोप्सी सांगतात. हाड कापण्याआधी मऊ करावं लागतं. त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं तर रिसेप्टर पुसले जातात, आणि पॉझिटिव्ह बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ईडीटीए नावाच्या द्रावणात वेळ जास्त लागतो, पण रिसेप्टर टिकतात. तुकड्यासोबतच्या कागदावर ‘ईआर, पीआर (दोन हार्मोन रिसेप्टर), हर-टू करायचं आहे’ असं आधीच लिहून द्यायला हवं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळणाऱ्यांना काय सांगावं? सुईशिवाय औषध निवडणं हा निव्वळ जुगार आहे.

आता धावपळीचे प्रसंग. पाठदुखी पट्ट्यासारखी पुढे येतेय, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढतेय, पाय लुळे पडताहेत, लघवी अडकली आहे: मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल, सूज उतरवणारं डेक्सामेथासोन, पूर्ण कण्याचं एमआरआय. पाय गेल्यावर उपचार केले तर ते क्वचितच परत येतात. अशा वेळी मालिशवाल्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेणं म्हणजे पोखरलेला मणका हाताने मोडणं.

दुसरा प्रसंग खास आपल्या उन्हाळ्याचा. हाड विरघळलं की कॅल्शियम रक्तात येतं. तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं ही लक्षणं दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घरचे म्हणतात ऊन लागलं, आणि पन्हं देत बसतात. फरक लघवीत दिसतो. ऊन लागलेल्या माणसाची लघवी कमी होते. कॅल्शियम वाढलेल्या बाईला अंग सुकलेलं असतानाही बरेचदा लघवी होत राहते. रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा धरायचा नाही, कारण कॅल्शियम धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन या आजारात बरेचदा कमी असतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करायचं, ०.८ ने गुणायचं आणि कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम ११ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर खरं कॅल्शियम १२.२, म्हणजे सलाईन लावायची वेळ झाली. कॅल्शियमच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद.

नुसतं एकाच जागी दुखत असेल तर रेडिएशनचा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एकच शेक पुष्कळदा पुरतो. दुखणं कमी करण्यात तो १० दिवसांच्या शेकाइतकाच चालतो, फक्त पुढे पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता जास्त. पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, आराम दोन-चार आठवड्यांत येतो. मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. सोबत पहिल्या दिवसापासून जुलाबाची गोळी हवी, कारण मॉर्फिनचं बद्धकोष्ठ सवयीने जात नाही. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं समजून ते नाकारणाऱ्या बाईला झोप, जेवण आणि चालणं तिन्ही गमवावं लागतं.

‘मन खंबीर ठेव, कॅन्सर पळेल,’ असं सांगणाऱ्यांविषयी थोडं. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. वर्षभर दर आठवड्याला गटात बसून बोलणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जगभर गाजावाजा झाला. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला: आयुष्यात फरक नाही. पण मनाचा त्रास कमी झाला, दुखणंही कमी जाणवलं, आणि आधी जास्त त्रासात असलेल्यांना फायदा अधिक. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या दुसऱ्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा आजार वाढला तो तुझं मन कच्चं पडलं म्हणून, असं कोणत्याही बाईला सुनावू नये. तिच्यासारख्याच इतर बायकांशी तिची गाठ मात्र घालून द्यावी. दुखणं कमी होतं हेच त्यासाठी पुरेसं कारण आहे. पॅलिएटिव्ह (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या) ओपीडीची चिठ्ठीही पहिल्या महिन्यातच मागावी, शेवटच्या नव्हे.

पैशाचा ताण वेगळाच. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी विचारावं. आधीच भरलेलं बिल नंतर योजनेत बसवणं अवघड जातं. रेल्वेने येणाऱ्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्यासाठीचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून, सही-शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर दाखवावा लागतो, म्हणून पुढच्या तारखेचा फॉर्म या फेरीतच मागून घ्यावा.